उत्तर बरोबर, तरी लाल खूण: जपानी व्याकरणाची उजळणी घेणारी ॲप्स नेमकं काय मोजतात?

रात्री पावणेअकराला फोनवर एक फोटो आला. पाठवणारी माझ्याकडे जपानी शिकणारी विद्यार्थिनी. लातूरहून नर्सिंगचा कोर्स करून पुण्यात आलेली, जपानला वृद्धसेवेच्या कामासाठी जायचं ठरवलेली. फोटोत तिच्या व्याकरणाच्या ॲपचा पडदा होता. वाक्य होतं ‘अत्सुइ ____ मादो ओ आकेता’, म्हणजे ‘उकडत होतं ____ खिडकी उघडली’. तिने रिकाम्या जागी ‘नोदे’ लिहिलं होतं. ॲपला हवं होतं ‘कारा’. खाली लाल पट्टी आणि तिचा प्रश्न: ‘सेन्सेई, माझं काय चुकलं? तिसऱ्यांदा चूक दाखवतंय.’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ‘कारा’ आणि ‘नोदे’ दोन्ही म्हणजे ‘म्हणून’, आणि त्या वाक्यात दोन्ही चालतात.

असे प्रश्न आता बऱ्याच घरांत पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा व्हावी, त्यात भारतातून ५०,००० कुशल आणि होतकरू माणसं जपानला जावीत, असं त्यात म्हटलं आहे. ‘विशेष कुशल कामगार’ या व्हिसासाठी साधारणपणे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ (पाचांपैकी खालून दुसरी) पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात आणि मुंबईतही केंद्रं आहेत. क्लास आठवड्यातून दोन-तीन दिवस, बाकीचे दिवस हातात फोन. त्या फोनमधलं ॲप ठरवतं की आज कोणता नियम विचारायचा आणि कोणता पंधरा दिवसांनी. हे ते कशावरून ठरवतं, ते कुठे फसतं आणि आपण त्याला ‘तू फसलास’ असं सांगितलं तर काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

विसरणं कसं घडतं

१८८५ साली हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा. मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचले. पण महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश वाचत होते. म्हणजे विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं असतं आणि नंतर संथ होतं. पहिल्या दिवसातली गळती थांबवली की पुढची लढाई सोपी.

ती थांबवायची कशी? आपल्याकडे त्यासाठी फार सुंदर शब्द आहे: उजळणी. पाढ्यांच्या पुस्तकालाही आपण उजळणीच म्हणायचो. काळवंडलेलं भांडं घासून उजळायचं तसं. या ॲप्सचं तंत्र म्हणजे अंतराअंतराने केलेली उजळणी. आज, मग काही दिवसांनी, मग आणखी जास्त दिवसांनी, असं दर वेळी अंतर वाढवत जायचं. लेखात पुढे मी याला नुसतं उजळणीच म्हणेन.

सेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्या कप्प्यात, आणि मागचे कप्पे क्वचितच उघडायचे. पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकने ऐंशीच्या दशकात हेच संगणकावर आणलं. १९८७ च्या त्याच्या हिशेबात पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी आणि मग दर वेळी आधीचं अंतर साधारण अडीच पट. म्हणजे १, ६, १५, ३८, ९५ दिवस. पाच उजळण्यांत पाच महिने पार. आज ‘आन्की’सारखी साधनं याच घराण्यातली. आन्की हा जपानी शब्दच आहे, अर्थ ‘पाठांतर’.

पाणी तोडायचं, पण झाड वाळू द्यायचं नाही

पहिली शंका इथेच येते. रोज वाचलं तर जास्त पक्कं होणार नाही का? सहा दिवस, पंधरा दिवस थांबायचं कशाला?

डाळिंबाची बाग पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. रोज पाणी मिळत राहिलं तर झाड पानं काढत बसतं. ताण बसला आणि मग पाणी मिळालं की फुलोरा येतो. ताण जास्त झाला तर मात्र झाड हातचं जातं. उजळणीचंही तसंच. आठवायला थोडा ताण पडावा, डोकं खाजवावं लागावं, पण उत्तर पार पुसलं गेलेलं नसावं. तो नेमका दिवस शोधणं हे ॲपचं खरं काम.

याला भक्कम आधार आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचत बसण्याचा मोह का होतो, याचं उत्तर त्या पाच मिनिटांच्या आकड्यात आहे.

मला त्याहून जवळचा वाटतो तो बाहरिक कुटुंबाचा अभ्यास. एकाच घरातले चौघे, प्रत्येकी परभाषेतले ३०० शब्द, आणि नऊ वर्षं चाललेली नोंद. १९९३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीच्या निघाल्या. निम्म्या कष्टात तेवढंच फळ, फक्त मध्ये थांबण्याचा धीर हवा.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही आणि त्यामुळे ती बिचारी रडकुंडीला येतात. आन्कीमध्ये २०२३ पासून असलेली नवी पद्धत तुमच्याच जुन्या उत्तरांवरून अंदाज बांधते, आणि आपण काही बदललं नाही तर ‘आठवण्याची शक्यता ९० टक्क्यांवर आली’ की कार्ड समोर आणते. म्हणजे दहातलं एक चुकणार हे गृहीतच आहे. तेवढा लाल रंग दिसणं हे यंत्र नीट चालल्याचं लक्षण. सगळंच्या सगळं हिरवं येत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी घालताय.

शब्दाला एक उत्तर, वाक्याला अनेक

इथपर्यंतचं सगळं शब्दांसाठी छान चालतं. ‘मिज़ु’ म्हणजे काय? पाणी. आलं किंवा नाही आलं. व्याकरणाचं तसं नाही, कारण व्याकरण म्हणजे निवड. एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते आणि त्यातली कुठली शोभेल हे प्रसंगावर ठरतं.

‘कारा’ आणि ‘नोदे’चंच बघा. ‘कारा’मध्ये बोलणाऱ्याचं स्वतःचं कारण ठसठशीत पुढे येतं, ‘नोदे’ जरा मऊ, नम्र. साहेबांना उशिराचं कारण सांगताना ‘नोदे’ बरं दिसतं. पण ‘उकडत होतं म्हणून खिडकी उघडली’ या सुट्या वाक्यात साहेब कुठेत? कोण कुणाशी बोलतंय हेच माहीत नाही. तसंच ‘वसंत आला की साकुरा फुलतो’. जपानीत ‘हारु नि नारु तो’ म्हणा किंवा ‘हारु नि नारेबा’, दोन्ही ठीक. रिकाम्या जागेसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला ॲप बनवणाऱ्याच्या मनातलं रूप ओळखायचं असतं, आणि ते काही व्याकरणाचं कौशल्य नाही.

म्हणजे ॲपमध्ये दोन यंत्रं आहेत असं समजा. एक घड्याळ, जे पुढची उजळणी कधी ते ठरवतं. दुसरा ताजवा, जो तुमचं उत्तर बरोबर की चूक ते तोलतो. सगळी चर्चा घड्याळाची होते, कुणाची पद्धत किती हुशार वगैरे. पण घड्याळाला माहिती पुरवतो तो ताजवा. तो खोटा असेल तर घड्याळ कितीही नामी असलं तरी चुकीच्या दिवशी वाजणार.

मग परीक्षेत ही अडचण का येत नाही?

कारण जेएलपीटी सगळी पर्यायांची परीक्षा आहे. व्याकरणाच्या प्रश्नाला चार पर्याय, एक बरोबर. पेपर काढणारे ‘कारा’ आणि ‘नोदे’ दोन्ही चालतील असे पर्याय शेजारी ठेवतच नाहीत. ताजवा खरा राहावा म्हणून त्यांनी आधीच मापं निवडलेली असतात. रिकामी जागा स्वतः टाइप करून भरायला लावणारं ॲप परीक्षेपेक्षा कठीण काम मागतं, आणि ते चांगलंच आहे, कारण बोलताना कुणी चार पर्याय देत नाही. पण पर्याय काढून घेतले की भाषेचा सगळा मोकळेपणा त्या रिकाम्या जागेत शिरतो.

एका खोट्या लाल खुणेची किंमत

‘एवढं काय, एकदा चूक दाखवलं तर पुढे जा की’ असं कुणी म्हणेल. हिशेब करून बघू.

समजा एक वाक्य चौथ्या उजळणीपर्यंत पोचलंय, म्हणजे ३८ दिवसांच्या अंतरावर. तुम्ही बरोबर उत्तर दिलंत, ताजव्याने चूक म्हटलं. वोझ्नियाकच्या त्या मूळ हिशेबात कार्ड पुन्हा एका दिवसावर येतं. होतं तिथे परत पोचायला १, ६, १५ आणि ३८ दिवस, म्हणजे चार उजळण्या आणि दोन महिने. अशी वीस वाक्यं असतील तर ऐंशी फुकट उजळण्या. त्या ऐंशींच्या गर्दीत खरोखर कच्चे असलेले नियम मागे पडतात.

पैशांत न मोजता येणारी किंमत आणखी मोठी. माझी ती विद्यार्थिनी तिसऱ्या लाल खुणेनंतर ‘नोदे’ वापरायलाच बिचकू लागली. वर्गात ‘उशीर झाला म्हणून माफ करा’ हे वाक्य आलं, जिथे ‘नोदे’च शोभतं, तिथेही तिने ‘कारा’ लावलं. येत असलेली गोष्ट ॲपने तिच्याकडून काढून घेतली होती. मला याचं मनापासून वाईट वाटतं. परक्या भाषेत आधीच माणूस चाचपडत असतं, त्यात बरोबर पडलेलं पाऊल कुणी चूक ठरवलं तर ते पाऊल पुन्हा टाकायचं धाडस होत नाही.

आन्कीत आठ वेळा घसरलेल्या कार्डाला ‘लीच’ म्हणतात, म्हणजे जळू, आणि ते बाजूला काढून ठेवता येतं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या जळवा मी तपासते तेव्हा काही खरोखर अवघड असतात. पण बऱ्याच कार्डांत प्रश्नच धड विचारलेला नसतो.

पण विद्यार्थी सबबी सांगत असतील तर?

हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक लाल खूण खोटी नसते.

‘मी पुण्यात राहतो’ आणि ‘मी पुण्यात काम करतो’. मराठीत दोन्हीकडे ‘पुण्यात’. जपानीत राहण्याला ‘पुने नि’, काम करण्याला ‘पुने दे’. आणि गंमत अशी की ‘कंपनीत नोकरी करतो’ हे ‘हाताराकु’ क्रियापदाने सांगितलं तर ‘काइशा दे’, ‘त्सुतोमेरु’ने सांगितलं तर ‘काइशा नि’. मराठी वाक्य एकच, प्रत्यय क्रियापदावर अवलंबून. इथे लाल खूण आली तर ॲप बरोबर, आपण चूक. आपली ‘त’ ही विभक्ती दोन्ही कामं करते म्हणून मराठी माणूस इथे हमखास घसरतो.

‘स्टेशनला पोचलास की फोन कर’ हेही तसंच. आपला ‘की’ आज्ञेबरोबर खुशाल बसतो. जपानी ‘तो’ मात्र पुढे विनंती किंवा आज्ञा आली की चालत नाही, तिथे ‘एकि नि त्सुइतारा’ असं ‘तारा’चं रूपच घ्यावं लागतं. साकुराच्या वाक्यात चाललेला ‘तो’ इथे नाही चालत.

आणि ‘एका अक्षराने काय होतं, सांभाळून घ्या’ अशी मागणी तर मी स्वतः फेटाळेन. ‘मिरु’, ‘मिएरु’, ‘मिसेरु’ म्हणजे पाहणं, दिसणं, दाखवणं. एका अक्षराचाच फेर, पण कोण काय करतंय तेच बदलतं. व्याकरणात ते अक्षरच तर तपासायचं असतं. नुसती बोटाची चूक वेगळी. रोमन कीबोर्डवर ‘होन-या’, म्हणजे पुस्तकाचं दुकान, लिहायला जावं आणि ‘न’ एकदाच दाबला गेला तर ‘हो-न्या’ उमटतं. अशा वेळी ‘माझी टंकनचूक, पुन्हा लिहू दे’ हे बटण हवंच. ते खऱ्या चुकीवर दाबलं तर नुकसान आपलंच, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

कळवायचं कसं

ॲपमध्ये अभिप्राय द्यायची सोय बहुधा असते. तिथे लोक काय लिहितात? ‘तुमचं ॲप चुकीचं आहे.’ समोरच्याने त्यावरून काय दुरुस्त करावं? डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं आहे ते.

त्या रात्री नाही, पण शनिवारी आम्ही दोघी बसलो आणि नीट लिहिलं. वाक्य कोणतं, तिने काय भरलं, ॲपने काय मागितलं, हे आधी. मग कारण: ‘अत्सुइ’सारख्या विशेषणानंतर ‘कारा’ आणि ‘नोदे’ दोन्ही थेट जोडता येतात, वाक्यात प्रसंगाची काही खूण नाही, म्हणून दोन्ही ग्राह्य. आणि मग सर्वांत कामाचं: काय केलं तर प्रश्न पक्का होईल. त्यासाठी तिला अर्धा तास विचार करावा लागला आणि तो अर्धा तास माझ्या मते चार तासिकांच्या तोलाचा होता.

तिने काय शोधलं पाहा. विशेषणाऐवजी नाम ठेवलं तर प्रश्न स्वतःच उत्तराकडे बोट दाखवतो. ‘आमे’ म्हणजे पाऊस. ‘आमे दा ____’ असेल तर ‘कारा’च, ‘आमे ना ____’ असेल तर ‘नोदे’च, कारण नामानंतर एकाला ‘दा’ लागतो आणि दुसऱ्याला ‘ना’. दुसरा मार्ग ‘दारोउ’चा, म्हणजे ‘बहुधा असेल’चा. ‘आमे गा फुरु दारोउ ____ कासा ओ मोत्ते इत्ता’, पाऊस पडेल म्हणून छत्री घेऊन गेले. ‘दारोउ’ला ‘नोदे’ जोडता येत नाही, त्यामुळे इथे ‘कारा’शिवाय पर्याय नाही. तिसरा मार्ग कडक आज्ञेचा: ‘अबुनाइ कारा सावारु ना’, धोका आहे, हात लावू नकोस. इतक्या तडकाफडकी आज्ञेपुढे मऊ ‘नोदे’ विचित्र वाटतो.

चांगली तक्रार लिहिताना तिला त्या दोन शब्दांमधला फरक असा कळला, जसा माझ्या फळ्यावरच्या तक्त्याने कधी कळला नव्हता.

ॲपने मग प्रत्येक सूचना मानावी का?

नाही. पन्नास शिकणाऱ्यांनी एकच चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही. आणि सगळीच उत्तरं मान्य करत गेलं तर दुसरा घोटाळा: ‘नोदे’ शिकवायचं कार्ड आहे आणि विद्यार्थी वर्षभर ‘कारा’ लिहून हिरवी खूण मिळवतोय, असं होईल. ताजवा कुणालाच चूक म्हणेनासा झाला तर तोही खोटाच.

यावर काही साधनांनी तिसरा रंग काढलाय आणि मला तो मार्ग पटतो. वाक्य म्हणून बरोबर, पण इथे दुसरं रूप अपेक्षित आहे, पुन्हा लिहा. लाल नाही, हिरवंही नाही, घड्याळ जिथल्या तिथे थांबतं. चांगली शिक्षिका वर्गात हेच करते. ‘बरोबर, पण आणखी कसं म्हणशील?’

वाक्य पाठ होतं, नियम नाही

अनुभवी वापरणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते आणि ती सगळ्यांत खोल आहे. तेच वाक्य पाचव्यांदा आलं की नियम आठवावाच लागत नाही. ‘खिडकी’ दिसली की ‘कारा’. डोळे वाक्याची चण ओळखतात. पाढ्यात ‘सात आठे’ म्हटलं की ‘छप्पन्न’ येतं, पण आठ माणसांना सात-सात लाडू द्यायला एकूण किती लागतील विचारलं की मूल गप्प, तसंच हे.

उपाय सरळ आहे, कष्टाचा आहे: एका नियमाला निदान पाच-सहा वेगळी वाक्यं, आणि दर उजळणीला वेगळं. तुमचं ॲप ते देत नसेल तर उत्तर भरल्यावर तोच नियम वापरून स्वतःचं एक वाक्य मोठ्याने म्हणा. आजच्या दिवसातलं. ‘बस चुकली म्हणून रिक्षाने आले.’ दहा सेकंद लागतात.

इंग्रजीला वळसा घालून जपानी

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला ती. बहुतेक ॲप्समध्ये रिकाम्या जागेखालची सूचना इंग्रजीत असते. मराठी माणूस जपानी शिकताना आधी इंग्रजीत जातो आणि तिथून जपानीत. पुण्याहून साताऱ्याला जायला नाशिक गाठण्यासारखं.

‘ते ओकु’ हे रूप घ्या. ‘ओकु’ म्हणजे ठेवणं. ॲप सूचना देतं ती ‘आगाऊ करणे’ अशा अर्थाची. मग दुसरं वाक्य येतं, ‘मादो ओ आकेते ओकु’, खिडकी उघडी ठेवणे, आणि तिथे सूचना बदलून ‘आहे तसं राहू देणे’ होते. विद्यार्थी गोंधळतो, एकाच रूपाचे दोन नियम पाठ करतो. अहो, आपण रोज म्हणतो की: पाणी तापवून ठेव, खिडकी उघडून ठेव. जपानीतही तेच, ‘ओयु ओ वाकाशिते ओकु’, ‘मादो ओ आकेते ओकु’. आपल्या ‘ठेव’मध्ये आधीच करून घेणंही आहे आणि तसंच राहू देणंही. शिकायचं काहीच उरत नाही, फक्त ओळखायचं.

‘मिरु’ म्हणजे पाहणं. ‘किते मिरु’ म्हणजे घालून पाहणं, ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणं. दुकानात साडी ‘नेसून बघ’ म्हणणाऱ्या बाईला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आणि ‘ते इरु’. इंग्रजी सूचना ‘करत आहे’च्या वळणाची. मग ‘तानाका-सान गा किते इरु’ याचा अर्थ मुलं ‘तानाका येत आहेत’ असा करतात. खरा अर्थ आहे ‘तानाका आलेत’, म्हणजे आले आणि आत्ता इथे आहेत. आपल्या ‘आलेत’, ‘बसलाय’, ‘लग्न झालंय’ यांत नेमकी हीच स्थिती असते. ‘सुवात्ते इरु’ म्हणजे ‘बसतोय’ नव्हे, ‘बसलाय’. वृद्धसेवेत काम करणाऱ्या मुलीला आजोबा खुर्चीत बसतायत की बसलेत, यातला फरक समजायलाच हवा.

प्रत्येक ठिकाणी जोडी जुळते असं नाही. ‘ते शिमाउ’ कधी ‘टाकणं’ असतं, ‘ताबेते शिमात्ता’, खाऊन टाकलं. पण ‘साइफु ओ नाकुशिते शिमात्ता’ याला ‘पाकीट हरवून टाकलं’ म्हटलं तर हळहळ निघून जाते, तिथे ‘हरवून बसलो’च हवं. दोन मराठी क्रियापदांत एक जपानी रूप विभागलं गेलंय. आणि ‘नि’-‘दे’च्या बाबतीत तर मराठी आपल्याला फसवते, ते वर आलंच. म्हणून मी सांगते की सूचना स्वतःच्या हाताने मराठीत लिहा. ज्या ॲपमध्ये कार्डावर टिपण जोडता येतं तिथे जोडा, नाहीतर शंभर पानी वही आहेच. आणि ॲप बनवणाऱ्यांनाही कळवा की मराठी सूचना हव्यात. इतकी माणसं इथून जपानला जाणार असतील तर ती मागणी अवास्तव नाही.

उजळण्यांचा डोंगर

गणपतीत चार दिवस गावी गेलं आणि परत आल्यावर ॲपवर तीनशे उजळण्या थकलेल्या, हा अनुभव सार्वत्रिक. रोज दहा नवी वाक्यं घेतली आणि प्रत्येक वाक्य पाच वेळा येणार असेल, तर काही महिन्यांनी रोजच्या पन्नास उजळण्या ठरलेल्या, चुका वेगळ्या. म्हणून नवं कमी घ्यावं. एन-४ च्या विद्यार्थ्यांना मी दिवसाला तीन नियमांच्या पुढे जाऊ देत नाही. डोंगर साचलाच तर नवं बंद करून आठवडाभर रोज ठरावीक वेळ फक्त जुनं.

आणि ॲप असताना क्लास कशाला, असं पालक विचारतात. ॲप विसरू देत नाही. पण साहेबांपुढे ‘नोदे’ का शोभतं हे कळायला समोर माणूस लागतं, बोलणारं, भुवई उंचावणारं.

त्या अभिप्रायाला अकरा दिवसांनी उत्तर आलं. खिडकीच्या वाक्यात आता ‘नोदे’ लिहिलं की पिवळी पट्टी येते. तोवर तिने पाऊस-छत्रीचं वाक्य स्वतःच्या वहीत पहिल्या पानावर उतरवलं होतं, खाली मराठीत ‘पडेल म्हणून’. परवा तिचा निरोप आला: ‘सेन्सेई, आता दारोउ दिसलं की कारा आपोआप येतं. आणि आज उशीर झाला तेव्हा तुम्हाला नोदे म्हटलं, तुमच्या लक्षात आलं का?’